सामुराईची तलवार आणि तांदळाचे माप

१/
सामुराई म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती किंचित वाकलेली तलवार, चेरीचा गळणारा बहर आणि स्वामीच्या एका शब्दाखातर प्राण देणारा अबोल वीर. चित्रपट, मांगा आणि व्हिडिओ गेम यांनी ही प्रतिमा जगभर पोहोचवली. जपानमध्ये योद्ध्यांची राजवट बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १८६८ मध्ये संपली. म्हणजे पावणेसातशेहून अधिक वर्षे. केवळ मरणाच्या तयारीवर एखादा वर्ग इतका काळ राज्य करू शकतो काय? या धाग्याचे प्रतिपादन असे की ही सत्ता जमिनीच्या हक्कावर, मोजणीच्या काठीवर आणि तांदळाच्या मापावर उभी होती. ते विसरल्याची किंमत पुढे जपानी तरुणांनीच मोजली.

२/
आधी एका शब्दाविषयी. इंग्रजीतल्या ‘फ्यूडल’ व्यवस्थेला मराठीत सरंजामशाही म्हणतात. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. हा शब्द लक्ष तलवारीवरून महसुलाकडे वळवतो, म्हणून तो इथे उपयोगी आहे. मात्र जपानची व्यवस्था युरोपची किंवा मराठेशाहीची प्रतिकृती नव्हती. शिवाय तेराव्या शतकातला सामुराई आणि अठराव्या शतकातला सामुराई यांच्यात नाव सोडले तर फारसे साम्य उरत नाही. पहिला गावच्या जमिनीवर राहणारा घोडेस्वार. दुसरा शहरात राहून पगारावर जगणारा कारकून.

३/
सुरुवात जमिनीपासूनच होते. बाराव्या शतकात जपानमधील बरीचशी शेती क्योतोच्या उमरावांच्या आणि मोठ्या मंदिरांच्या खासगी जहागिरींत विभागलेली होती. प्रत्यक्ष गावात राहून शेती, वसुली आणि बंदोबस्त पाहणारा स्थानिक योद्धा मात्र परावलंबी होता. राजधानीतील मालकाची मर्जी फिरली की त्याचा हक्क जाई. ११८० ते ११८५ च्या यादवीत ताइरा घराण्याचा पाडाव करणाऱ्या मिनामोतो नो योरितोमोने नेमकी हीच नस ओळखली. आपल्याला मिळणाऱ्या योद्ध्याला तो जमिनीच्या हक्काची लेखी हमी देऊ लागला.

४/
११८५ मध्ये दरबाराकडून त्याने प्रांतोप्रांती ‘शुगो’ आणि जहागिरींवर ‘जितो’ नेमण्याचा अधिकार मिळवला; ११९२ मध्ये तो शोगुन झाला. सम्राट क्योतोत राहिला, योरितोमो पूर्वेकडे कामाकुरात. स्वामी देतो ती कृपा, ‘गो-ओन’. आश्रित करतो ती सेवा, ‘होको’. या दोन शब्दांत त्या समाजाचा करार सामावलेला आहे. ‘इश्शो केनमेइ’ हा वाक्प्रचारही त्याच काळातला. त्याचा मूळ अर्थ, एका जागेसाठी, म्हणजे आपल्या जमिनीसाठी, जीव पणाला लावणे. आधुनिक जपानीत उच्चार आणि एक अक्षर किंचित बदलून त्याचा अर्थ नुसता ‘जीव तोडून’ एवढाच उरला आहे. जमीन गळाली, जीव राहिला.

५/
जिथे जमीन तिथे तंटे आलेच. १२३२ मध्ये होजो यासुतोकीच्या कारकिर्दीत ‘गोसेइबाई शिकिमोकु’ ही एक्कावन्न कलमांची संहिता निघाली. योद्ध्यांसाठीचा हा पहिला मोठा कायदा. वीरश्रीच्या शोधात तो वाचणाऱ्याची निराशा होईल, कारण त्याचा मोठा भाग ताबा, वारसा आणि दावे यांनी व्यापला आहे. एखाद्याची जमिनीवर वीस वर्षे प्रत्यक्ष वहिवाट असेल, तर जुना दावा उकरून काढता येणार नाही, असे त्याचे एक कलम सांगते. कामाकुराचा योद्धा धनुष्याइतकाच कागदही जपून ठेवी, कारण कोर्टात कागदच कामी येई.

६/
याच संहितेने एक गोष्ट मान्य केली, जी सामुराईच्या प्रचलित प्रतिमेत कुठेच बसत नाही. अपत्य नसलेल्या स्त्रीला दत्तक घेऊन आपली जमीन त्याच्या नावे करता येत असे. मुलींना वारसाहक्क मिळे. काही स्त्रिया जितोही होत्या. योरितोमोची विधवा होजो मासाको राजकारणात निर्णायक ठरली, ती अपवाद म्हणून आभाळातून पडली नव्हती. पुढे वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडू लागले, तशी सारी मालमत्ता एकाच मुलाकडे देण्याची प्रथा रुजली आणि स्त्रियांचा हक्क आटत गेला. त्यामागे जमिनीच्या वाटणीचे रोकडे गणित होते.

७/
आता एका खऱ्या सामुराईला भेटू या. ताकेझाकी सुएनागा, क्युशू बेटावरील हिगो प्रांताचा एक किरकोळ योद्धा. १२७४ मध्ये कुबलाई खानाचे आरमार हाकाता उपसागरात शिरले, तेव्हा हा गडी स्वतःसह अवघ्या पाच स्वारांनिशी मंगोलांवर चालून गेला. घोडा जखमी झाला, प्राण थोडक्यात बचावले. त्याच्या शौर्याविषयी शंका घ्यायला जागाच नाही. पण ही कथा रणांगणावर संपत नाही, आणि तिचा पुढचा भागच अधिक बोलका आहे.

८/
सुएनागाच्या पराक्रमाची नोंद वरपर्यंत पोहोचलीच नाही आणि बक्षीस मिळाले नाही. तेव्हा १२७५ मध्ये त्याने घोडे आणि खोगिरे विकून वाटखर्च उभा केला आणि थेट कामाकुरा गाठले. तिथे चिकाटी धरून त्याने आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यापुढे आपली कैफियत मांडली आणि हिगो प्रांतातील काइतो येथील जितोपद मिळवले. पुढे आपल्या लढाईची आणि या दाव्याचीही चित्रे त्याने एका लांब गुंडाळीत काढवून घेतली. ती आजही टिकून आहे. मंगोल स्वारीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणून ती ओळखली जाते. ज्याने ती करवली, त्याच्या लेखी कचेरीतला दावाही लढाईइतकाच चित्रात राहण्याजोगा होता.

९/
सुएनागा यात लोभी ठरतो काय? मुळीच नाही. सेवा केली, आता कृपा हवी, हा करार होता आणि तो उघडपणे मागण्यात त्याला लाज वाटली नाही. अडचण शोगुनशाहीची होती. १२७४ आणि १२८१ ही दोन्ही युद्धे बचावाची. शत्रू समुद्रात परत गेला, जिंकलेली जमीन हाती आली नाही. मग वाटायचे काय? कर्जबाजारी आश्रितांनी विकलेल्या आणि गहाण टाकलेल्या जमिनी परत देववण्यासाठी १२९७ मध्ये एक प्रकारची कर्जमाफीही जाहीर करावी लागली. १३३३ मध्ये बंड मोडायला पाठवलेला आशिकागा ताकाउजीच उलटला आणि कामाकुराची राजवट कोसळली. करार फिसकटला की निष्ठाही फिसकटते, याचा हा सरळ पुरावा.

१०/
पुढच्या अडीच शतकांत हे पुन्हा पुन्हा घडले. ताकाउजी नंतर सम्राट गो-दाइगोवरही उलटला आणि १३३८ मध्ये स्वतः शोगुन झाला. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धाने क्योतो बेचिराख केले आणि प्रांतोप्रांतीचे ‘दाइम्यो’, म्हणजे प्रादेशिक सत्ताधीश, आपापसांत भिडले. १५८२ मध्ये ओदा नोबुनागाचा घात त्याचाच सेनानी आकेची मित्सुहिदे याने केला. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या रणात कोबायाकावा हिदेआकीने ऐन लढाईत बाजू बदलली आणि तोकुगावा इएयासूचा विजय सुकर झाला. अभंग स्वामीनिष्ठेचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानची पुढची दोनशे साठ वर्षे ठरवण्यात एका पक्षांतराचा मोठा वाटा होता.

११/
या साऱ्या नाट्यात सर्वांत दूरगामी काम ज्याने केले, तो सामुराई घराण्यात जन्मलाच नव्हता. तोयोतोमी हिदेयोशी हा ओवारी प्रांतातील सामान्य शेतकरी-शिपायाचा मुलगा. नोबुनागाच्या चाकरीत तो चढत गेला आणि १५९० पर्यंत त्याने जवळजवळ सारे जपान आपल्या छत्राखाली आणले. शेतकऱ्याने भाला उचलावा, शिपायाने नांगर धरावा, पराक्रमाने सरदार व्हावे, हे त्या धामधुमीच्या काळात शक्य होते. हिदेयोशी हे त्या मोकळ्या दरवाजाचे सर्वांत झळझळीत उदाहरण.

१२/
त्याने पहिले काम केले ते मोजणीचे. १५८२ पासून सुरू झालेल्या त्याच्या जमीनमोजणीत मोजकाठी एक, तांदळाचे माप एक, जमिनीच्या प्रती एकसारख्या. प्रत्येक शेत मोजायचे, त्यात किती तांदूळ पिकेल ते ठरवायचे आणि ते कसणाऱ्या एका माणसाचे नाव वहीत चढवायचे. यामुळे एकाच शेतावर गुंतलेले जहागीरदार, मंदिर आणि मधले हक्कदार यांचे जुने जाळे तुटले. शेत, कसणारा आणि सारा वसूल करणारा स्वामी एवढेच उरले. शतकांच्या लढायांना जे जमले नाही, ते या वह्यांनी केले.

१३/
दुसरे काम १५८८ चे: ‘कातानागारी’, तलवारींची झडती. शेतकऱ्यांनी तलवारी, कट्यारी, धनुष्ये, भाले आणि बंदुका जमा कराव्यात, असे फर्मान निघाले. कारण मोठे गोड दिले होते. क्योतोत उभ्या राहणाऱ्या महाबुद्धाच्या कामासाठी या लोखंडाचे खिळे आणि पट्ट्या करायच्या. म्हणजे शस्त्र देणाऱ्याचे इहलोकीही भले आणि परलोकीही. खरा हेतू त्याच फर्मानात डोकावतो: शस्त्रे असली की शेतकरी सारा चुकवतो आणि बंड करतो.

१४/
तिसरे काम १५९१ चे. योद्ध्याने गावात जाऊन शेतकरी किंवा नगरात जाऊन व्यापारी होऊ नये. शेतकऱ्याने शेत टाकून व्यापार वा मजुरी धरू नये. शेतकऱ्याचा मुलगा ज्या दारातून वर आला, ते दार त्याने आतून लावून घेतले. सामुराई हा जन्माने ठरणारा, शिक्का मारलेला वर्ग म्हणून घट्ट झाला तो इथे. त्याच्या कमरेची तलवार अभिमानाचे चिन्ह बनली, कारण इतरांच्या हातून ती काढून घेतली गेली होती. जपानच्या सरंजामी इतिहासातला हा सर्वांत निर्णायक क्षण मानायला हवा, आणि त्यात एकही लढाई नाही.

१५/
यानंतर सत्ता मोजली जाऊ लागली ती ‘कोकु’मध्ये. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, साधारण १५० किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. दहा हजार कोकु उत्पन्नाचा प्रदेश असेल तो दाइम्यो. कागा प्रांताच्या माएदा घराण्याकडे दहा लाखांहून अधिक. कोणी किती स्वार पुरवायचे, दरबारात कुठे बसायचे, हे सारे याच आकड्यावर ठरे. वीराची किंमत तांदळात सांगणाऱ्या व्यवस्थेला अर्थकारणाचे वावडे होते असे म्हणणे धाडसाचेच.

१६/
हा तांदूळ पिकवत कोण होते? देशाच्या लोकसंख्येत सामुराई आणि त्यांची कुटुंबे मिळून सहा-सात टक्के. शेतकरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पिकाचे दहा हिस्से धरले तर चार ते पाच, कधी त्याहूनही अधिक, सारा म्हणून जात. सारा गावावर लावला जाई आणि भरण्याची जबाबदारी साऱ्या गावाची मिळून असे. एक कुटुंब कोसळले की त्याचा बोजा शेजाऱ्यांवर. तांदूळ पिकवणाऱ्या कित्येक घरांत रोजचे जेवण मात्र जव, बाजरीसारखी भरड धान्ये आणि भाज्या यांचे असे.

१७/
हा ताण कुठवर जाई, ते शिमाबारात दिसले. क्युशूतील या भागात मात्सुकुरा घराण्याची जीवघेणी करवसुली आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांचा छळ एकत्र आले आणि १६३७ च्या अखेरीस उठाव झाला. बंडखोर हारा किल्ल्यात दाटीने राहिले. शोगुनशाहीने लाखाहून अधिक सैन्य उभे केले आणि १६३८ च्या वसंतात किल्ला पडला, तेव्हा आतील बहुतेक सर्वांची कत्तल झाली; परंपरेने सांगितला जाणारा आकडा सदतीस हजारांचा आहे. नंतर दाइम्यो मात्सुकुरा कात्सुइए याचाही शिरच्छेद झाला. त्याला सेप्पुकुचा मान दिला नाही. रयतेला इतके पिळले की कारभारच धोक्यात आला, हा त्याचा गुन्हा.

१८/
शिमाबारानंतर सव्वादोनशे वर्षे देशात मोठे युद्ध झाले नाही. सामुराई गावातून उठून किल्ल्याभोवतीच्या नगरात आलेला होता. जमिनीशी त्याचा थेट संबंध तुटला आणि धन्याच्या कोठारातून मिळणारा ठरीव तांदूळ हा त्याचा पगार झाला. १६३५ पासून दाइम्योंना आलटून पालटून एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, राहण्याची सक्ती झाली. कुटुंब कायम तिथेच, ओलीस. मिरवणुका, वाडे आणि प्रवास यांतच तिजोऱ्या रित्या होत. योद्ध्याच्या वाट्याला आले हिशेब, पहारे, तपासण्या आणि दफ्तर.

१९/
पगार तांदळात आणि खर्च नाण्यांत, हा त्याच्या जगण्यातला काच. ओसाकातील दोजिमाचा तांदूळबाजार १७३० मध्ये अधिकृतपणे मान्य झाला. तिथला भाव पडला की सामुराईचे उत्पन्न घसरे. एदोत त्यांचा तांदूळ विकून देणारे दलाल ‘फुदासाशी’ त्यांचे सावकार बनले. १७८९ मध्ये या दलालांची जुनी कर्जे शोगुनशाहीने फर्मान काढून रद्द केली, म्हणजे पाचशे वर्षांनी पुन्हा कर्जमाफी! अनेक संस्थाने सामुराईंच्या पगारातून ‘उसने’ म्हणून मोठा हिस्सा कापून घेत. खालच्या दर्जाचे कित्येक सामुराई घरी छत्र्या चिकटवून संसाराला हातभार लावत.

२०/
आणि नेमक्या याच काळात ‘मरणाचा धर्म’ लिहिला गेला. ‘हागाकुरे’ हा ग्रंथ ज्याच्या बोलण्यातून सिद्ध झाला, तो यामामोतो त्सुनेतोमो १६५९ मध्ये जन्मलेला. एकही लढाई न पाहिलेला कारभारी. धन्यामागे प्राण देण्याची त्याची इच्छा होती, पण धन्याने स्वतःच ती प्रथा बंद केली होती. १७०० मध्ये धनी वारल्यावर तो भिक्षू झाला. हे पुस्तक दीर्घकाळ सागा संस्थानातच हस्तलिखितांच्या रूपाने फिरत राहिले. लढाया नाहीशा झाल्यानंतर लढवय्यांच्या आदर्शाची ओढ वाढते, हे मानसशास्त्र समजण्याजोगे आहे. पण त्या ग्रंथातून प्रत्यक्ष लढणाऱ्या पिढ्यांचे आचरण सिद्ध करता येत नाही.

२१/
त्या काळातही ‘सामुराई धर्म’ म्हणून एक ठरलेली संहिता नव्हती. सत्तेचाळीस रोनिनांनी आपल्या मृत धन्याचा सूड घेतला, तेव्हा १७०३ मध्ये त्यांना सेप्पुकुचा हुकूम झाला. विद्वानांत वाद पेटला. ओग्यू सोराईचे म्हणणे, सूड समजण्यासारखा असला तरी कायदा मोडला, तेव्हा शिक्षा हवीच. इतर काहींनी त्यांना आदर्श ठरवले. आणि त्सुनेतोमोचा आक्षेप भलताच: त्यांनी इतके महिने वाट का पाहिली? एकाच घटनेवर तीन मते. संहिता सर्वमान्य असती, तर हा वाद संभवला असता काय?

२२/
१८६८ मध्ये शोगुनशाही गेली आणि नव्या सरकारने वर्गाचा पाया एकेक विटेने काढला. १८७१ मध्ये संस्थाने खालसा झाली. १८७३ मध्ये सर्व वर्गांतील तरुणांना लष्करी सेवा सक्तीची झाली. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी आली आणि तांदळाचा पगार सरकारी रोख्यांत बदलला. १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली सात्सुमाचे सामुराई उठले आणि त्यांनी कुमामोतोच्या किल्ल्याला वेढा घातला. हा जुना हिगो प्रांत, म्हणजे सुएनागाचीच भूमी. किल्ल्यातील फौजेत भरती झालेल्या सामान्य घरांतील पोरांचा मोठा भरणा होता. पन्नासएक दिवस वेढा चालला, किल्ला पडला नाही.

२३/
तलवार गेल्यानंतर दंतकथेचा खरा काळ सुरू झाला. १९०० च्या सुमारास नितोबे इनाझो यांचे ‘बुशिदो’ हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीत. नितोबे १८६२ मध्ये सामुराई घराण्यात जन्मले. शोगुनशाही बुडाली तेव्हा ते अवघे पाच-सहा वर्षांचे होते. ते ख्रिस्ती, पाश्चात्त्य साहित्यात मुरलेले, आणि जपानकडेही नीतीची परंपरा आहे हे पाश्चात्त्य वाचकांना पटवून देण्याची त्यांची तळमळ प्रामाणिक होती. पण जगाने आणि कालांतराने जपाननेही त्या आदर्शाला इतिहास मानले.

२४/
यावर आक्षेप येईल: प्रत्येक समाज आदर्श घडवतो, त्यात बिघडले काय? उत्तर १९४१ मध्ये आहे. त्या वर्षी जनरल तोजो यांच्या नावाने निघालेल्या ‘सेन्जिंकुन’ या सैनिकांसाठीच्या आचारपुस्तिकेने कैदी होण्याची अप्रतिष्ठा पत्करू नये, अशी शिकवण दिली. शरणागतीपेक्षा मरण बरे, हाच जणू सनातन जपानी धर्म. पॅसिफिकच्या बेटांवर तुकड्याच्या तुकड्या शेवटच्या माणसापर्यंत मेल्या. कोवळी मुले विमाने घेऊन जहाजांवर आदळली. मध्ययुगातील खरे योद्धे मात्र शरण जात, तह करत, पक्ष बदलत आणि जिवंत राहून बक्षीस मागत.

२५/
यातली विटंबना अशी की १९४१ चे बहुसंख्य सैनिक सामुराईंचे वंशज नव्हतेच. त्यांत शेतकऱ्यांची मुले भरपूर होती. ज्यांच्या पूर्वजांकडून १५८८ मध्ये शस्त्रे काढून घेतली आणि पिढ्यानपिढ्या तांदूळ वसूल केला, त्यांच्याच माथी सामुराईचे कल्पित मरण मारले गेले. सामुराईच्या वाट्याची जमीन, पगार, मान यांपैकी काहीच त्यांना मिळाले नव्हते. ‘होको’ तेवढी मागितली गेली, ‘गो-ओन’ नव्हती. सुएनागासारखा कामाकुरा गाठून दाद मागायलाही त्यांच्यातले फार थोडे परत आले.

२६/
म्हणून सामुराईचा इतिहास आवडणाऱ्या तरुण वाचकांनी त्या तलवारीवरचे प्रेम सोडावे असे मुळीच नाही. ती कारागिरी अजोड आहे. मात्र संग्रहालयात किंवा पडद्यावर ती दिसेल तेव्हा काही प्रश्न सोबत असावेत. ही धारण करणाऱ्याला वर्षाला किती कोकु मिळत? तो तांदूळ कोणत्या गावातून येई? त्या गावाच्या हाती कोणते शस्त्र उरले होते? आणि या वीराची कथा कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली?